माडीवरची दुबई

स्क्रीनवर अविनाशच्या मागे दुबई दिसत होती. निळं आभाळ, काचेच्या उंच इमारती, खाली समुद्र. पासपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो कधी पाठवतोस, असं मी त्याला विचारत होते आणि तो म्हणत होता, "पाठवतो मॅडम, इथं जरा ऑफिसची गडबड सुरू हाय." एवढ्यात त्याच्या मागच्या सगळ्यात उंच इमारतीतून एक हात बाहेर आला. हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि कपबशी होती. त्या हाताने कपबशी अविनाशच्या पुढ्यात ठेवली, तो हात त्याच्या डोक्यावरून एकदा फिरला आणि परत इमारतीत गेला.

माझ्यासमोरच्या खुर्चीत अविनाशचे वडील बालाजीराव बसले होते. त्यांनी तो हात पाहिला. मी पाहिला हेही त्यांनी पाहिलं. मग ते छताच्या पंख्याकडे बघायला लागले.

"कामवाली हाय तिथली," ते म्हणाले. "आपल्याकडलीच भेटली."

मी नांदेडला चार्टर्ड अकाउंटंट आहे. माहेर लातूरचं, सासर नांदेडचं, त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांची खोटं बोलायची पद्धत मला ठाऊक आहे. लातूरचा माणूस खोटं बोलताना भराभर बोलतो. नांदेडकडचा मध्येच चहा मागवतो. बालाजीरावांनी दुसरा चहा मागवला.

खरं तर हा माणूस खोटं बोलणाऱ्यांतला नव्हे. कंधारला त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं. त्यांचे जीएसटीचे आणि इन्कम टॅक्सचे रिटर्न कित्येक वर्षांपासून माझ्या ऑफिसातून जातात. खताच्या एका पोत्याचं बिल राहिलं तर स्वतःहून फोन करून सांगणारा क्लायंट मला दुसरा मिळालेला नाही. त्यामुळे ती कामवाली तोंडातून बाहेर काढताना त्यांना फार जड गेलं. एसी चालू असून कपाळावर घाम होता.

मामला साधा होता. अविनाशच्या नावाने आयकर खात्याची नोटीस आली होती. तुमच्या खात्यात वर्षभर दर महिन्याला परदेशातून रक्कम जमा झाली आहे, तुम्ही रिटर्न भरलेला नाही, खुलासा करा. नोटीस ईमेलवर आली. अविनाशने ती वडिलांना कळवली आणि वडिलांनी ती लातूरच्या साडूंना दाखवली. हे साडू प्लॉटिंगचा धंदा करतात आणि फावल्या वेळात कायदा सांगतात. त्यांनी फोनवरच निकाल देऊन टाकला होता. पोरगा एनआरआय, दुबईत टॅक्स नाही, म्हणजे कुठंच टॅक्स नाही. सीएकडून तसं एका कागदावर लिहून घ्या आणि मोकळे व्हा. माझ्या माहेरच्या माणसांची हीच अडचण आहे, ते सल्ल्याची फी घेत नाहीत.

इथे थोडा कायदा सांगावा लागेल. एनआरआय ही पदवी नाही. एकदा विमानात बसलं की जन्मभर नावापुढे लागली, असं होत नाही. आयकराचा कायदा दरवर्षी नव्याने विचारतो, की या आर्थिक वर्षात तू भारतात किती दिवस होतास? एकशे ब्याऐंशी दिवस भरले, म्हणजे ढोबळमानाने अर्धं वर्ष इथे गेलं, की तू इथला रहिवासी. मग कमाई जगात कुठूनही येवो, हिशेब इथे द्यायचा. त्याहून कमी दिवस असतील तर आणखी पोटनियम आहेत, ते ज्याने त्याने आपापल्या सीएला विचारावेत. दुबईचा व्हिसा म्हणजे तिथे राहायची परवानगी. मंगल कार्यालय बुक केलं म्हणजे लग्न झालं असं आपण धरत नाही, तसंच आहे ते.

दुसरी गोष्ट याहून सोपी. काम जिथे बसून केलं, तिथे पगार कमावला असं कायदा धरतो. कंपनी दुबईची असेल, साहेब तिकडचा असेल, पगार दिरहममध्ये ठरला असेल. पण कीबोर्डवरची बोटं कंधारात चालत असतील तर पगार कंधारात कमावलेला.

हे सगळं मी त्या फोनच्या आधी बालाजीरावांना सांगितलं होतं. त्यांनी मान हलवत ऐकलं आणि शेवटी विचारलं, "पर दुबईत टॅक्स न्हाईच ना?"

मग मी विचारलं, मागच्या वर्षात अविनाश घरी किती दिवस होता? ते म्हणाले, एकदाबी आला न्हाई. हे त्यांनी युरियाचा स्टॉक सांगावा तसं सांगितलं. मला तिथेच शंका आली. एकुलता एक मुलगा दिवाळीलासुद्धा घरी येत नाही, असा बाप माझ्यासमोर बसला असता तर आधी त्याने मुलाला चार शिव्या घातल्या असत्या, मग सुनेला, नसलेल्या. म्हणून मी म्हटलं, लावा फोन, त्यालाच विचारू. आणि त्याने मागे लावलेल्या चित्रातल्या इमारतीतून हात आला.

फोन ठेवल्यावर मी दार लावून घेतलं.

"बालाजीराव, मुलगा कुठे आहे?"

मग त्यांनी उत्तर न देता मार्ग सुचवायला सुरुवात केली. आधी विचारलं, नोटीस काढणाऱ्या साहेबांशी कुणाची वळख निघंल का? मी सांगितलं, हल्ली चौकशी फेसलेस असते. कागद कॉम्प्युटरवरून जातात, तपासणारा कुठल्या शहरात बसलाय ते मलाही कळत नाही. समोर चेहराच नाही तर ओळख कुणाची काढणार? हे त्यांना फार अन्यायाचं वाटलं. मग विचारलं, पासपोर्ट हरवला म्हणून सांगितलं तर? मी म्हटलं, पासपोर्ट हरवला तरी विमानतळावरच्या कॉम्प्युटरमधली येण्याजाण्याची नोंद हरवत नाही. मग ते दबक्या आवाजात म्हणाले, तुमी नुसतं दोन ओळी लिहून द्या ना, आजवर तुमाला कधी काई मागितलं का?

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हटलं, एवढी वर्षं मागितलं नाही म्हणून तर तुमच्या फायलीवर डोळे मिटून सही करते. आज जे मागताय ते दिलं तर उद्या तुमच्या पोत्यांची बिलंसुद्धा मला उघडून बघावी लागतील. ते उठले, "लातूरला इचारतो," म्हणाले आणि गेले. चहा तसाच राहिला.

पुढच्या आठवड्यात एका शिक्षणसंस्थेच्या ऑडिटसाठी मी कंधारला गेले. काम आटोपल्यावर ड्रायव्हरला म्हटलं, गाडी गावात घे. चौकात अजून तो फ्लेक्स होता. अविनाश दुबईला गेला तेव्हा लावलेला. मध्ये कोटातला अविनाश, मागे विमान, वर 'दुबई येथे नियुक्ती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' आणि चारी बाजूंनी काका, मामा, मावसभाऊ, मित्रमंडळ आणि कुणाचे कोण हे न कळणारे गॉगलवाले. उन्हाने फ्लेक्स फिका पडला होता. काका-मामा जवळजवळ पुसले गेले होते, विमान मात्र शाबूत होतं.

बालाजीरावांचं घर मी कधी पाहिलेलं नव्हतं. गल्लीत एका टेलरच्या दुकानासमोर गाडी थांबवून विचारलं. रफीकभाई म्हणून एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ मशीनवर बसले होते. त्यांच्या वडिलांपासूनचं ते दुकान, हे पाटीवरच लिहिलं होतं. त्यांनी सुईवरची नजर न काढता समोरच्या घराकडे मान केली.

"हेच की. बालाजीराव दुकानावर असतील आता. वहिनी हायेत घरात." मग जरा थांबून म्हणाले, "पोरगं तेंचं दुबईला असतंय."

मी समोर बघितलं. खाली पक्कं घर, वर पत्र्याची माडी. माडीच्या खिडकीला भर दुपारी जाड पडदा आणि खिडकीबाहेर कूलर, चालू. दुबईतल्या मुलासाठी कंधारात कूलर लावलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

दार हिरव्या बांगड्यांनी उघडलं. अविनाशच्या आईने मला ओळखलं, फोनवर पाहिलं होतं ना. एक शब्द न बोलता त्यांनी जिन्याकडे बोट दाखवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

माडीवर अविनाश होता. बनियन, हाफ पँट, समोर दोन स्क्रीन, कानाला हेडफोन. केस आईने कापले असावेत, एका कानावर जास्त आणि एका कानावर कमी होते. मला बघून तो उभा राहिला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "मॅडम, बरं झालं तुम्ही आलात. वर्षभरात माझ्याकडं आलेल्या पहिल्या पाहुण्या तुम्हीच."

मग त्याने सांगितलं. एक अख्खं वर्ष तो खरोखर दुबईत होता. मालवाहतुकीच्या एका कंपनीत, जहाजावरचं कुठलं खोकं कुठे आहे हे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम. मग कंपनीने भाडं वाचवायला ऑफिसच बंद केलं. सगळ्यांना सांगितलं, जिथे असाल तिथून काम करा, पगार तोच. तिथे एका खोलीत पाच जण राहायचे, त्याचंही भाडं डोक्यावर. अविनाशने विचार केला, घरी जाऊ. आईच्या हातचं जेवू, पैसे वाचतील. बॅग घेऊन तो भल्या सकाळी कंधारला उतरला. बापाने त्याला दारातच आत ओढलं आणि दार लावलं.

"अण्णा म्हणाले, फ्लेक्स अजून चौकात हाय. आत्ता तुला लोकांनी बघितलं तर म्हणतील, दुबईवाल्यांनी हाकलून दिलं. चार दिवस माडीवर थांब. काय सांगायचं ते मी इचार करून ठेवतो." तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "अजून इचारच करून राहिले."

पुण्या-मुंबईच्या वाचकांना यात काय एवढं, असं वाटेल. तिकडे घरी बसून लॅपटॉपवर काम करणाऱ्याला वर्क फ्रॉम होम म्हणतात. आमच्याकडे त्याला 'घरी बसून आहे' म्हणतात, आणि त्या तीन शब्दांत नोकरी गेली, डोकं फिरलं, पोरगी मिळणार नाही, हे सगळं येतं. त्याच गल्लीतला एक मुलगा आधी पुण्याहून असाच लॅपटॉप घेऊन आला होता. लोकांनी त्याच्या आईला विचारून विचारून भंडावून सोडलं. शेवटी तो पुण्याला भाड्याची खोली घेऊन तेच काम तिथे बसून करायला लागला. या विचारणाऱ्यांत सगळ्यात पुढे कोण होतं, ते अविनाशने मला जिन्याच्या दिशेने बघत सांगितलं. खुद्द बालाजीराव. दुकानात बसून आल्यागेल्याला सांगायचे, ते पोरगं घरी बसून हाय म्हणं.

स्वतः पसरवलेली गोष्ट आपल्याच दारात आली की माणूस ती अशी माडीवर दडपतो. मला हसूही येत होतं आणि त्या मुलाचे ते कापलेले केस बघून वाईटही वाटत होतं. तो गावात निघत नव्हता. महिन्यातून एकदा पहाटेच्या बसने तोंडाला दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, बांधून नांदेडला यायचा, पोटभर हिंडायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा. चुलतबहिणीच्या लग्नाला त्याने माडीवरून खालचा बँड ऐकला होता. व्हिडिओ कॉलवर दुबईतून आशीर्वादही दिले होते.

"टॅक्स किती बसंल तो बसू द्या मॅडम," अविनाश म्हणाला. "पण मला खाली येऊ द्या."

आता सीएचं काम इथे संपतं. रिटर्न अविनाशचा, सही त्याची, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. तो सज्ञान आहे, त्याने खरं लिही म्हटलं की मी खरं लिहायचं. जिना चढायचा की उतरायचा, याचा रकाना रिटर्नमध्ये नाही. पण मी खाली येताना त्याच्या आईकडे बघितलं आणि ठरवलं, की बापलेकाला एकत्र ऑफिसात बोलवायचं.

ते आले. अविनाश दस्ती बांधून पहाटेच्या बसने आला, बालाजीराव नंतरच्या बसने. एकाच घरातून निघून वेगवेगळ्या बसने. माझ्या ऑफिसात आल्यावर त्याने दस्ती सोडली आणि बालाजीरावांनी आधी दार बंद आहे की नाही ते बघितलं.

मी सगळं मांडलं. दुबईत खरोखर काढलेलं वर्ष वेगळं. त्या वर्षी तो तिथे राहिला, तिथे काम केलं, पगार तिथल्या खात्यात घेतला, त्या पगारावर इथे काही लागत नाही. हे ऐकून बालाजीरावांना साडू आठवले आणि त्यांचा चेहरा खुलला. पण माडीवरचं वर्ष पूर्णपणे इथलं. त्या पगारावर इथला कर, आणि वर व्याज. व्याज का, तर आपल्याकडची कंपनी पगार देतानाच कर कापून सरकारकडे भरते, त्याला टीडीएस म्हणतात. परदेशातली कंपनी इथला कर कापत नाही. मग तो हप्त्याहप्त्याने स्वतः भरायचा असतो, त्याला ॲडव्हान्स टॅक्स म्हणतात. अविनाशने तो भरला नव्हता, कारण माडीवर त्याला हे सांगायला कुणी आलंच नव्हतं. आणि दुबईत टॅक्स नसल्यामुळे, तिकडे भरला म्हणून इकडे वजा करा, असंही म्हणता येत नव्हतं.

बालाजीरावांनी ऐकून घेतलं. रकमेबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मला याचं नवल वाटलं. त्यांची अडचण पैशाची नव्हतीच.

"मॅडम, कागदावर कंधार लिवावं लागंल का?"

"लागेल. तो तिथेच होता."

"मग गावात कळंल."

मी सांगितलं, रिटर्न गुप्त असतो, तो कुणी चौकात लावत नाही. त्यांना पटलं नाही. ज्यांचं आयुष्य फ्लेक्सवर चाललंय, त्यांना एखादा कागद चौकात लागत नाही हे पटणं कठीण असतं. त्यांनी खिशातून साडूंचा नवा तोडगा काढला. मागचं वर्ष गेलं ते गेलं. आता पोराला परत दुबईला पाठवायचं. तिथं खोली घेऊन राहील, काम तेच करील. पुढच्या सालापासून टॅक्स झीरो, आणि गावात सांगितलेलंही खरं होईल.

कायद्याने यात काही चूक नव्हतं. तो खरोखर तिथे राहिला, तिथेच बसून काम केलं, पगार तिथेच घेतला, तर तसंच होतं. मी ते सांगितलं, कारण विचारलं ते खरं सांगायची मला खोड आहे. बालाजीराव लगेच सरसावून बसले. तिकीट कधीचं काढू, असंही त्यांनी विचारलं. तेव्हा अविनाश बोलला. आवाज चढवला नाही त्याने.

"अण्णा, टॅक्स वाचवायला लोकं दुबईला जातात. तुम्ही मला लाज वाचवायला पाठवून राहिले. मी काय केलं? मी तर काम करून राहिलो."

बालाजीराव त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग पुन्हा पंख्याकडे. मला वाटतं, वर्षभरात त्यांनी मुलाला उजेडात नीट बघितलं ते तेव्हाच. ते हळूच म्हणाले, "लोकं म्हनतील, घरी बसून हाय."

आणि मी पुन्हा चिडले. चिडले म्हणून बरं झालं, नाहीतर पुढचं सुचलं नसतं. मी कॉम्प्युटर त्यांच्याकडे फिरवला आणि अविनाशच्या कराच्या आकड्यावर बोट ठेवलं. म्हटलं, घरी बसलेल्या माणसाला एवढा कर लागत नसतो, बालाजीराव. एवढा कर तुमच्या गल्लीत कुणी भरत नाही. तुम्ही भरत नाही. तुमचे साडू तर मुळीच भरत नाहीत.

बालाजीरावांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि तो आकडा दोनदा वाचला.

"साडूपेक्षा जास्त?"

"मी साडूंची फाईल बघितलेली नाही. पण प्लॉटिंगवाल्यांच्या फायली बघितल्यात."

"ह्याची पावती भेटती का?"

"चलन मिळतं. त्यावर नाव, रक्कम, सगळं असतं."

"रंगीत भेटंल का?"

एका वर्षाचं कोडं असं सुटलं. मुलगा कमावता आहे याला बापाला सरकारचा पुरावा हवा होता, आणि तो कर भरल्याशिवाय मिळत नव्हता. माझ्या आजवरच्या व्यवसायात कर कमी करून द्या म्हणणारे हजार भेटले. "व्याजाचा आकडा त्याच्यातच धरून मोठा दिसतो का बघा," असं विचारणारे बालाजीराव एकटेच.

रिटर्न भरला, नोटिशीला उत्तर दिलं, खुलासा मान्य झाला. पण एक प्रश्न बाकी होता. अविनाश माडीवरून उतरणार कसा? नुसता जिना उतरून अंगणात उभा राहिला असता तर हा दुबईहून आला कधी हे लोकांना काय सांगायचं, असा पेच बालाजीरावांना पडला. दुबईहून येणारा माणूस घरातून कसा निघेल? दुबईहूनच यायला हवा. त्यांनी मला फोन करून याचंही काही कायद्यात बसतं का विचारलं. मी म्हटलं, हे माझ्या विषयात येत नाही. ते म्हणाले, मग नुसतं हाराला या.

मी गेले. मला ते बघायचंच होतं.

अविनाश आदल्या दिवशी दस्ती बांधून नांदेडला गेला होता. आता तो भाड्याच्या गाडीतून दोन मोठ्या बॅगा घेऊन कंधारच्या चौकात उतरला. बॅगांत काय होतं ते मला माहीत होतं. त्याच्या माडीवरच्या गोधड्या. हलगी वाजत होती. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ती इतकी खरी रडली, की आलेल्या बायकाही रडल्या. जुन्या फ्लेक्सच्या जागी नवा लागला होता. 'दुबईहून आगमनाबद्दल तसेच विक्रमी आयकर भरल्याबद्दल हार्दिक स्वागत.' शुभेच्छुकांत खालच्या कोपऱ्यात माझाही फोटो होता, व्हॉट्सॲपवरून उचललेला, नावाआधी सीए लावून. आम्हा सीए लोकांना स्वतःची जाहिरात करायला मनाई आहे. तो कोपरा मी तिथल्या तिथे उभी राहून कापायला लावला. कापायला कात्री घेऊन रफीकभाई आले.

लोक एकेक करून अविनाशला भेटत होते. विमानाचा प्रवास कसा झाला, विचारत होते. तिकडं गर्मी लई म्हणं, असं म्हणत होते. बालाजीराव शेजारी उभे राहून चलनाची लॅमिनेट केलेली प्रत दाखवत होते. आता पोरगा इथूनच काम करणार हाय, कंपनीच म्हनली, तुमच्यासारख्यानं कुठंबी बसावं, असं सांगत होते. एकानेही 'घरी बसून' हा शब्द काढला नाही. अविनाशच्या अंगात नवा निळा शर्ट होता आणि तो त्याला अगदी बरोबर बसला होता.

मी रफीकभाईंना म्हटलं, शर्ट छान शिवलाय, तुम्हीच ना? माप कधी घेतलं?

त्यांनी कात्री खिशात ठेवली. "बालाजीराव जुना शर्ट देऊन गेले, म्हनले ह्या मापाचा शिवा, पोरगं दुबईहून येऊन राहिलंय. मी पोटाला दोन बोटं वाढवून शिवला." मग त्यांनी बाजूला बघितलं, बालाजीराव लांब आहेत याची खात्री केली आणि म्हणाले, "वर्षभर माडीवर बसून हाय की लेकरू. चालनं न्हाई, फिरनं न्हाई. पोट सुटनारच."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"समद्या गल्लीला ठाऊक हाय मॅडम. पहिल्या दिवशीपासून. इंटरनेट बसवायला आलेलं पोरगं माझ्याच साल्याचं हाय." ते चौकातल्या गर्दीकडे बघत होते. "पर बालाजीरावांनी न्हाई म्हनलं ना. मग न्हाई. शेजारी हाय आपन."

मी त्या गर्दीकडे पाहिलं. विमानाचा प्रवास विचारणारे, गर्मीची चौकशी करणारे, चलन हातात घेऊन वा वा म्हणणारे. सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभर या लोकांनी त्या खिडकीकडे मान वर करून बघायचं टाळलं होतं. मला एकदम भरून आलं, आणि चौकात हलगीसमोर रडणारी सीए बघणाऱ्यांना बरी दिसली नसती म्हणून मी गाडीकडे निघाले.

बालाजीराव मागून धावत आले. हातात पेढ्यांचा बॉक्स. घामाने निथळत होते, पण चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, वर्षभर कुनाला म्हनून खबर लागू दिली न्हाई बगा. तुमी सोडल्या तर एकाला ठाऊक न्हाई."

विचारलं ते खरं सांगायची मला खोड आहे, हे मी वर लिहिलंच आहे. पण त्यांनी काही विचारलं नव्हतं.

करमुक्त देशाचा फायदा घ्यायचा तर त्या देशात राहावं लागतं, एवढंच या प्रकरणातून क्लायंट लोकांना सांगण्यासारखं आहे. मी पेढा घेतला आणि म्हटलं, "कमाल केलीत, बालाजीराव."